सहा फुटांवरचा शिक्का

१

यशवंतराव हरवल्याची तक्रार खुद्द यशवंतरावच घेऊन आले.

मे महिन्याची एकवीस तारीख होती, सकाळचे साडेदहा, आणि आदिलाबादचा पारा चव्वेचाळीसला टेकलेला. आलोकच्या ऑनलाइन सेंटरमधला कूलर हवा सोडून बाकी सगळं देत होता: आवाज, वास, अधूनमधून शॉक. आलोक अठ्ठावीस वर्षांचा. लोकांचे अंगठे मशीनवर टेकवायचे आणि मशीनने ओळख नाकारली की लोकांची समजूत काढायची, हा त्याचा धंदा.

"आलोकबाबू, मी सापडून नाई राह्यलो," यशवंतराव स्टुलावर बसत म्हणाले. त्यांचा खोकला त्यांच्या आधीच आत येऊन बसला होता. तलमडुगु रस्त्यावरच्या 'जुनी न्यू अंबिका' जिनिंगमध्ये ते कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवर होते. मिलची आधी अंबिका होती, भावाभावांत वाटण्या झाल्यावर न्यू अंबिका झाली, आणि मग तीही जुनी झाली. पाटी तेवढी प्रामाणिक राहिली.

"कुठे सापडून नाही राह्यले, काकाजी?"

"पेन्शनमंदी."

आलोकने त्यांचं पासबुक स्क्रीनवर उघडलं. ऑक्टोबर २०१६ पासून दर महिन्याची एकेक ओळ. फेब्रुवारी २०२० ची ओळ होती. तिच्याखाली थेट सप्टेंबर. मधले सहा महिने यशवंतराव नोकरीत नव्हते, किंवा पृथ्वीवर नव्हते.

"तुमी त्या काळात कुठे होते?"

"मिलमंदी. लॉकडाऊनची परमिशन होती ना आमाले. एक दिवस खाडा नाई केला."

आलोकने हिशेब मांडला. पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते. साडेनऊ भरली तरी दहा धरतात. या एकतीस मेला यशवंतरावांची नऊ वर्षं आठ महिने झाली असती. सहा महिने गेले की नऊ वर्षं दोन महिने. आणि एक जूनला त्यांचे अठ्ठावन्न पूर्ण. अठ्ठावन्नला पेन्शनचं दार बंद होतं, आत असाल तर आत, बाहेर असाल तर बाहेर.

"बाहेर राह्यलो तर?"

"जमा असलेलं थोडंसं एकदाच देतात. महिन्याचं काही नाही."

"आशाले? माह्या माघारी?"

"तिलाही नाही."

यशवंतराव खोकले. पुष्कळ वेळ खोकले. ते थांबावेत म्हणून, वातावरण हलकं करावं म्हणून, आलोकने त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगायचा विनोद सांगितला. "नियम मोठा मजेदार आहे, काकाजी. अठ्ठावन्नच्या आत, नोकरीत असताना माणूस मेला, तर एका महिन्याच्या नोकरीवरही बायकोला पेन्शन लागते. जिवंत राहिला तर दहा वर्षं लागतात."

या विनोदावर आजवर सगळे हसले होते. यशवंतराव हसले नाहीत. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हंजे एकतीस मेपर्यंत," ते म्हणाले, आणि रुमाल डोक्यावर टाकून उन्हात निघून गेले.

२

आलोकने कूलर बंद केला. अचानक त्याला थंडी वाजायला लागली होती.

दुपारी तो मिलमागच्या वस्तीत यशवंतरावांच्या घरी गेला. निमित्त आधारच्या झेरॉक्सचं. यशवंतराव दुसऱ्या पाळीला गेले होते. त्यांच्या बायकोने, आशाबाईंनी, त्याला पाणी दिलं आणि झेरॉक्स शोधून आणली. मग ती हातात द्यायच्या आधी चादरीवर पसरून तिच्यावर गरम इस्त्री फिरवली.

"काकू, हे काऊन?"

"कागद बाहेरून येते अन् बाहेर जाते. कोनाकोनाचा हात लागते." त्यांनी इस्त्री उभी ठेवली. "कोरोनात सवय लागली, बावा. गेली नाई."

घरातला एकूण एक कागद कडक होता. लाइटबिल, रेशनकार्ड, देवाच्या कॅलेंडरचं पानसुद्धा. आशाबाईंना वाचता येत नव्हतं, पण त्यांच्याइतकी कागदांची बडदास्त जिल्ह्यात कोणी ठेवत नसेल.

"हे आज जेवले नाई," त्या एकदम म्हणाल्या. "मले म्हनते, आशा, बँकेत तुले एकटीले जाता येते का. काऊन म्हनले असन?"

आलोकला उत्तर माहीत होतं. ते त्यानेच सकाळी फुकट वाटलं होतं.

"दारात खाट टाका, काकू," तो म्हणाला. "आणि एकतीस तारखेपर्यंत खाटेवर बसून राहा."

आशाबाईंनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी खाट ओढली.

पहिला संशयित आलोक स्वतः होता. एप्रिल २०२० मध्ये सरकारने लोकांना सांगितलं होतं, की अडचण आहे ना, मग स्वतःच्या म्हातारपणातून थोडं आत्ताच काढून घ्या. अर्ध्या मिलचे ते अर्ज बावीस वर्षांच्या आलोकने अंगणात बसून मोबाइलवर भरले होते, यशवंतरावांचाही. घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं असेल तर? सेंटरवर परत येऊन त्याने अर्ज उघडला. ती उचल पीएफच्या डब्यातून होती, पेन्शनचा डबा वेगळा. त्या डब्याला त्याचा हात लागलेला नव्हता. आलोक निर्दोष सुटला. तपास करणाराही तोच आणि न्यायाधीशही तोच, तेव्हा फार वेळ लागला नाही.

मग त्याने मिलने दर महिन्याला किती माणसांचा हप्ता भरला ते पाहिलं. ही यादी कोणालाही दिसते, फक्त कोणी पाहत नाही.

फेब्रुवारी २०२०: एकशे चार. सप्टेंबर: एकशे दोन.

मधले सहाही महिने, ना एक कमी ना एक जास्त: शंभर.

देश घरात बसला होता, माणसं पायी चालत होती, रोज कोणी येत होतं, कोणी जात होतं. आणि या मिलमध्ये सहा महिने शंभर माणसं शंभरच राहिली होती. इतकं स्थिर त्या साली काहीच नव्हतं.

३

मिलचे मुनीमजी भार्गव हे सहा फुटांवरूनच ओळखू येत, कारण त्याहून जवळ ते कोणाला येऊ देत नसत. कोरोना गेला, मास्क गेले, पण त्यांच्या दफ्तरात पाहुण्याची खुर्ची अजून रंगाने आखलेल्या गोलात होती, टेबलापासून मोजून सहा फूट. वय छप्पन्न, शर्टाला कडक घडी, चेहऱ्याला त्याहून कडक. दुसऱ्या दिवशी सकाळी आलोक त्या गोलातल्या खुर्चीत जाऊन बसला.

"यशवंतरावांचे सहा महिने?" ते म्हणाले. "ते हजर नव्हते. आजारी होते."

"ते म्हणतात एक खाडा नाही."

"माणूस म्हणतो. कागद काय म्हणतो ते बघायचं."

"मग हाजिरीबुक दाखवा."

भार्गवांनी कपाटातून एक लांबट वही काढली आणि टेबलावर ठेवली. आलोक उठून पाहायला गेला, त्यांनी हाताने थांबवलं, वहीच पुढे सरकवली. वर '२०२०' असं लिहिलेलं होतं. आत काही नव्हतं. दोन पुठ्ठे, मधे शिवण, आणि शिवणीत अडकलेल्या फाटक्या कागदाच्या बारीक पट्ट्या.

"चोरी झाली," भार्गव म्हणाले. "एकवीस साली लक्षात आलं."

"चोराने पुठ्ठे ठेवून पानं नेली?"

"चोराची पद्धत मी कशी सांगू?"

आलोकने त्या पट्ट्या पाहिल्या. उंदराने कुरतडल्यासारख्या नव्हत्या, ब्लेडने कापल्यासारख्याही नाहीत. पट्टी धरून, एकेक पान सावकाश फाडलेलं. हा चोर शिस्तीचा होता आणि त्याच्याकडे भरपूर वेळ होता.

कोपऱ्यात एक बांबूची काठी उभी होती. पुरुषभर उंच. तिच्या टोकाला सुतळीने काहीतरी घट्ट बांधलं होतं. आलोकने डोळे बारीक केले. रबरी शिक्का होता.

"ती काठी कशाला, मुनीमजी?"

"पाली हाकलायला."

या मिलमधल्या पालीसुद्धा अधिकृत असाव्यात.

"आणि शंभर?" त्याने विचारलं. "सहा महिने बरोबर शंभर माणसं कशी?"

भार्गवांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त त्यांचा हात पुठ्ठ्यांवर आला आणि वही त्यांनी झाकल्यासारखी बंद केली, जरी आत झाकण्यासारखं काहीच नव्हतं.

"यशवंतराव चांगला माणूस आहे," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "तुम्ही आता जा."

आलोक बाहेर आला तेव्हा गेटवरचा लखन त्याला बोटाने बोलावत होता.

"हाजिरीबुक गेलं तं जाऊ द्या," लखन म्हणाला. "माह्यापाशी दुसरं बुक हाय. त्यात यशवंतकाकाचा रोज रोज लेखाजोखा हाय."

४

लखन अकरा वर्षं गेटवर होता. लॉकडाऊनमध्ये मिलला परवानगी मिळाली ती एका अटीवर: येणाऱ्या प्रत्येकाचा ताप रोज बुकात लिहायचा. त्यासाठी त्याला ताप मोजायची बंदूक मिळाली. वॉचमनला आयुष्यात पहिल्यांदा बंदूक मिळाली, तीही कपाळावर धरायची.

ते बुक त्याने खाटेच्या पायाखालून काढलं. खाट एका बाजूला कलली.

एक एप्रिलपासून एकतीस ऑगस्टपर्यंत, एकशे चार नावं, रोजचा ताप. आणि 'यशवंत, प्रेस' समोर दररोज आकडा. एकही रकाना रिकामा नाही. म्हणजे माणूस रोज गेटवर आला होता. मार्च सोडला तरी पाच महिने, आणि पाच महिन्यांत साडेनऊ पार होत होते. आलोकला त्या बुकाचा मुका घ्यावासा वाटला.

मग त्याने पुढे वाचलं. यशवंतरावांना नऊ एप्रिलला ताप १०१ होता. वीस एप्रिलला १०१. एक मेला १००.८. दर दहा-अकरा दिवसांनी त्यांना न चुकता ताप येत होता, आणि दुसऱ्या दिवशी न चुकता उतरत होता.

"लखन, हे प्रेसवरचे दोघं बिहारचे होते ना? ते कधी गेले?"

"एकोनतीस मार्चले. पायी निंगून गेले. मीच गेट उघडलं."

"मग त्यांचा ताप ऑगस्टपर्यंत ९७.६ कसा? चालता चालता कळवत होते का?"

लखनने गमछ्याने मान पुसली. पुन्हा पुसली.

"बंदुकीची सेल तिसऱ्या दिसी गेली," तो म्हणाला. "दुकानं बंद. मुनीमजीले सांगतलं असतं तं मिल बंद. मंग मी मनानं लिवत होतो. संध्याकाळी एकाच बैठकीत सगळ्यायचं."

"आणि यशवंतकाकांना ताप?"

"सगळे रोज चांगले दाखवले तं साहेब म्हनन, खोटं हाय. म्हनून कोनाले तरी मधून मधून ताप द्या लागे."

"पण त्यांनाच काऊन?"

लखन गेटच्या कडीशी खेळू लागला.

"बाकीचे भांडले असते," तो म्हणाला.

आलोकने बुक मिटलं. आता कोडं अर्धं सुटलं होतं. शंभरापर्यंत माणसं असलेल्या कारखान्यांचा पीएफचा हप्ता त्या सहा महिन्यांत सरकार भरणार होतं, मालकाचाही आणि मजुराचाही. एकशे चारवाल्यांना काही नाही. म्हणून इथे चार नावं गळाली. दोन बिहारला गेलेली, ती कोणी विचारणार नव्हतं. उरलेल्यांत 'आजारी' कोण, ते भार्गवांनी या बुकात पाहिलं असणार. ताप खोटा होता. त्या तापाने गेलेली पेन्शन खरी होती.

आणि कोडं सुटता सुटता पुरावा मेला होता. ज्या बुकात बिहारला पोचलेल्या माणसाचा ताप आदिलाबादेत मोजला जातो, ते बुक कोणता अधिकारी मानणार?

खिशातला फोन वाजला. आशाबाई होत्या.

"बावा, मी नळावर गेली होती, दोन गुंड पानी आनाले," त्या म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता, इस्त्री केल्यासारखा. "खाट हाय. हे नाईत."

५

यशवंतरावांना तलमडुगुच्या ऑटोत बसताना लखनच्या पोराच्या मास्तरने पाहिलं होतं. आलोकने बाइक काढली. दोन्ही बाजूंना कापसाची रानं नांगरून उघडी पडलेली, रस्ता वितळत होता. त्याला एकच गोष्ट आठवत होती. तो हसून म्हणाला होता, नियम मोठा मजेदार आहे.

यशवंतरावांचं गाव तलमडुगुच्या अलीकडे. शाळेच्या आवारात हापशाच्या ओट्यावर ते बसलेले दिसले, सावलीत, डोक्यावर ओला रुमाल. आलोकने बाइक बंद केली आणि पाय टेकवायचं विसरला. बाइक आडवी झाली, तो तिच्याखाली.

"लागलं का?" यशवंतराव तिथूनच म्हणाले.

"तुमी इथं काय करून राह्यले?"

"गुरुजीले भेटाले आलो. माही जन्मतारीख त्यायनं मनानं टाकली होती. वर्गातल्या सगळ्यायची एक जून." ते खोकले. "म्हटलं, दोन वर्सं पुढं सरकवता येते का पाहावं. तवा मले काय माईत होतं की गुरुजीच्या टाकानं माहं मरन ठरते."

"मग?"

"गुरुजी मेले. वीस वर्सं झाले. शाळा बी सुट्टीत हाय."

आलोक त्यांच्या शेजारी ओट्यावर बसला. दोघांनी हापसा पाहिला.

"काकाजी, तो विनोद होता. मी सांगितलेला."

"नियम होता," यशवंतराव म्हणाले. "मी मिलमंदी दुसऱ्यालेबी इचारलं. खराच हाय." मग जरा वेळाने, "आशा शिकली नाई. तिले सही येत नाई. मी रायलो काय अन् नाई काय, सहा महिन्यात ह्या छातीचं काय होते ते मले माईत हाय. तिच्यासाठी एवढंच होतं. मी रोज गेलो रे मिलमंदी. रोज मोहर मारून घेतली."

"कसली मोहर?"

"हाजिरीची. कोरोनात मुनीमजी कोनाले हाजिरीबुकाले हात लावू देत नव्हते. अंगठा नाई, सही नाई. त्यायनं पानं फाडून ज्याचं त्याले देल्लं. आपलं पान आपल्या खिशात. सकाळी दोन्ही हातानं पुढं धरायचं, अन् मुनीमजी लांबून काठीनं मोहर मारत."

आलोक उठून उभा राहिला. पट्टी धरून सावकाश फाडलेली पानं. पुरुषभर उंचीची काठी. पालींसाठी ठेवलेला शिक्का. हाजिरीबुक चोरीला गेलंच नव्हतं. ते एकशे चार खिशांत वाटलं गेलं होतं.

"तुमचं पान कुठाय?"

"जाळलं. ऑगस्टच्या शेवटी मुनीमजी म्हनले, कागदावर जंतू असते, सगळ्यायनं आपापले पानं जाळा. मी घरी नेऊन आशाले सांगतलं, जाळून टाक."

"सांगितलं, की स्वतः जाळलं?"

"सांगतलं."

आलोकने त्यांना हाताला धरून उठवलं. घरातला प्रत्येक कागद इस्त्री करून ठेवणारी बाई कागद जाळते का, हा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता, आणि त्यावर एका माणसाचा जीव टांगला होता.

६

आशाबाई दारातल्या खाटेवरच होत्या. नवऱ्याला पाहताच उठून त्यांनी त्याचा रुमाल काढून घेतला, पिळला आणि वाळत घातला.

"काकू, कोरोनातले मिलचे कागद. काकाजींनी जाळायला दिले होते."

आशाबाईंचा चेहरा उतरला. "दंड हाय का त्याले?"

"कशाला?"

"न जाळल्याचा."

यशवंतराव ओसरीच्या पायरीवर बसले.

"रोज संध्याकाळी हे खिशातून काढून देत," आशाबाई सांगू लागल्या. "मी इस्त्री मारून सकाळी परत देत होती. सहा महिने. येवढी इस्त्री मारलेला कागद, त्यात कुठचा जंतू राह्यते? जिवावर आलं जाळायले. मंग कोनाले सांगतलं नाई."

इस्त्री ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आली होती, त्या खोक्याच्या तळाशी सहा पानं होती. कडक, कडेला जराशी करपलेली. प्रत्येकावर नाव, महिना, एकतीस चौकोन. चौकोनाचौकोनात मिलचा गोल शिक्का, वाकडा, कधी अर्धा बाहेर, एकदा यशवंतरावांच्या अंगठ्यावरून घसरलेला. सहा फुटांवरून इतकंच जमतं.

दुसऱ्या दिवशी आलोक दफ्तरात गेला आणि खुर्ची उचलून गोलाच्या बाहेर, थेट टेबलाला लावून बसला. भार्गव मागे सरकले, भिंत लागली.

"मुनीमजी, शंभरची अट होती. तुमच्याकडे एकशे चार. दोघं बिहारला गेले. तिसरे यशवंतराव, लखनच्या बुकात त्यांना ताप होता म्हणून. मग पानं वाटलेली होती, ती मोजली तर शंभरावर भरली असती, म्हणून तुम्ही जाळायला लावली. एवढं मला कळलं. चौथं नाव कोणाचं ते कळलं नाही."

भार्गवांनी काठीकडे पाहिलं.

"माझं," ते म्हणाले. "पहिलं माझंच काढलं. मालक म्हणाले, शंभरात बसवा, नाहीतर कुलूप. चौघांपायी शंभरांची चूल पेटत होती. मला वाटलं, यशवंतराव तसाही तापाने अंथरुणावर आहे."

"ते रोज तुमच्यासमोर पान धरून उभे राहत होते."

"मी पानाकडे बघायचो," भार्गव म्हणाले. "तोंडाकडे बघितलं तर जवळ जावं लागलं असतं."

आलोकने दुरुस्तीचा अर्ज पुढे ठेवला. त्यावर मिलची सही लागत होती. सही केली, की मिलने आकडा खोटा दिला हे कबूल, सरकारने भरलेलं परत, आणि मुनीमजींची नोकरी त्याच संध्याकाळी संपणार.

"एकतीस तारखेपर्यंत पेन्शन झाली नाही, तर यशवंतरावांनी दुसरा मार्ग बघून ठेवलाय," आलोक म्हणाला. "अठ्ठावन्नच्या आतला."

भार्गवांना नियम पाठ होते. त्यांना समजायला एक क्षण पुरला. त्यांनी सही केली. शिक्का मारायला ते काठीकडे गेले, मग थांबले, सुतळीची गाठ सोडली आणि शिक्का हाताने मारला. छान सरळ उठला.

"याच अर्जात तुमचंही नाव घाला ना," आलोक म्हणाला. "तुमचं पान कुठाय?"

"मी जाळलं," भार्गव म्हणाले. "नियम मीच काढला होता."

७

पीएफच्या ऑफिसातल्या बाईंनी सहा पानं उलटीपालटी करून पाहिली, नाकाजवळ नेऊन वास घेतला, आणि ठेवून घेतली. "टाइम पडुतुंदि," त्या तेलुगूत म्हणाल्या. वेळ लागेल. किती? तीन महिने, कदाचित चार. त्यांनी एक पावती दिली.

म्हणजे एक जून आधी येणार होता आणि उत्तर नंतर. यशवंतरावांना हातात नुसती पावती धरून, स्वतःच्या जबाबदारीवर, अठ्ठावन्नात पाऊल टाकायचं होतं. पावती खोटी ठरली तर आशाबाईंना ना नवऱ्याच्या जगण्याचं काही, ना मरण्याचं.

आलोकने ते नऊ दिवस काहीही विनोद केला नाही. गिऱ्हाइकांना वाटलं त्याला कावीळ झाली.

एक जूनला सकाळी सात वाजता तो वस्तीत पोचला. दारातली खाट रिकामी होती. आत इस्त्रीचा वास येत होता. त्याला हाक मारायचा धीर होईना.

"ये ना," आतून खोकला आला, आणि मागून आवाज. "हाय मी."

यशवंतराव भिंतीला टेकून चहा पीत होते. आशाबाई पावतीला इस्त्री करत होत्या, फार जपून, कडेकडेने.

"झाले अठ्ठावन्न," यशवंतराव म्हणाले. "रात्री लय इचार केला. मंग सकाळ झाली. आता मरून काय फायदा? तारीख निंगून गेली."

"त्यायनं नाई ठरवलं," आशाबाई मान वर न करता म्हणाल्या. "मी ठरवलं. कागद येईपर्यंत रोज हाजिरी द्यायची, मी म्हटलं. माह्या डोळ्यासमोर. मोहर मारून."

त्यांनी खाटेखालून एक कागद काढला. कोऱ्या कागदावर पट्टीने आखलेले तीस चौकोन. वर 'यशवंत' आणि 'जून', मुनीमाच्या वळणाच्या अक्षरात.

अंगणात कोणीतरी खाकरलं. भार्गव उभे होते, कडक घडीचा शर्ट, हातात बांबूची काठी. मिलने त्यांना काढलं होतं. मिलचा शिक्का त्यांनी परत दिला होता, म्हणून काठीच्या टोकाला त्यांच्या मुलीचा लहानपणीचा मोराचा ठसा बांधलेला होता. उंबऱ्यापासून ते मोजून सहा फूट लांब थांबले.

यशवंतराव उठले. भिंत धरत दारात आले आणि दोन्ही हातांनी कागद पुढे धरला.

काठी हवेत डगमगली, एकदा चुकली, दुसऱ्यांदाही चुकली.

"जवळ या ना, मुनीमजी," आशाबाई म्हणाल्या.

भार्गवांनी काठी भिंतीला टेकवली, ठसा सोडून हातात घेतला, आणि चार पावलं पुढे आले. या वेळी त्यांनी आधी तोंडाकडे पाहिलं, मग पानाकडे.

पहिल्या चौकोनात मोर बसला.